अंगावरून जास्त जातं, हे ठरवायचं कसं?

पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बाईसाठी आज उपाय बरेच आहेत. रक्तस्राव कमी करणाऱ्या साध्या गोळ्या आहेत, संप्रेरकं आहेत, गर्भाशयात बसवायचं साधन आहे आणि अगदी शेवटी शस्त्रक्रिया आहे. गाडं अडतं ते त्याच्या कितीतरी आधी. 'जास्त' म्हणजे किती, ते कोणी ठरवायचं आणि कशावरून, इथेच. गेली साठ वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ, रक्तविकारतज्ज्ञ आणि सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक यावर वाद घालत आले आहेत. मुलगी वयात आल्यापासून पाळी जाईपर्यंतच्या काळापुरतं बोलायचं तर या वादात काय ठरलं, काय ठरायचं राहिलं आणि आपल्याकडच्या बायकांच्या पदरात त्यातून काय पडलं, याचा हा आढावा.

८० मिलिलिटरची रेघ

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात लीफ हालबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या वयाच्या ४७६ स्त्रियांच्या पाळीतलं रक्त मोजलं आणि १९६६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मोजायची रीत किचकट, पण अचूक. बाईने वापरलेला प्रत्येक पॅड, प्रत्येक टॅम्पॉन जपून ठेवायचा आणि प्रयोगशाळेत आणून द्यायचा. तिथे तो सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात भिजत घालायचा. त्यात हिमोग्लोबिनचं हिमॅटिन होतं. मग त्या द्रावणाचा रंग यंत्रावर तपासायचा आणि त्याच बाईच्या शिरेतल्या रक्ताशी ताडून किती मिलिलिटर रक्त गेलं ते काढायचं. पाळीत बाहेर पडणारा सगळा द्रव रक्त नसतो, अस्तराचा आणि इतर स्रावांचा त्यात मोठा वाटा असतो. ही पद्धत त्यातलं फक्त रक्त वेगळं मोजते.

सरासरी निघाली चाळीस मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे औषधाच्या पाच मिलिलिटरच्या चमच्याने आठ चमचे. रक्त साठ ते ऐंशी मिलिलिटरच्या पुढे गेलं की हिमोग्लोबिन आणि लोह कमी असलेल्या बायकांचं प्रमाण वाढत होतं. त्यावरून ८० मिलिलिटरची रेघ आखली गेली आणि पुढची चार दशकं पाठ्यपुस्तकांत ती तशीच राहिली.

रेघेमागे हिशोब होता. एक मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जातं, म्हणजे ८० मिलिलिटरबरोबर चाळीस मिलिग्रॅम. अन्नातून रोज एक ते दोन मिलिग्रॅम लोह अंगी लागतं आणि त्यातलं काही शरीराच्या रोजच्या झिजेतच खर्च होतं. त्यामुळे चाळीस मिलिग्रॅमची भरपाई करताना शरीराची ओढाताण होते. पण हा हिशोब स्वीडनच्या ताटावरचा आहे. धान्य-डाळीतलं लोह मांसातल्या लोहापेक्षा कमी शोषलं जातं आणि जेवणाला लागून घेतलेला चहा ते आणखी कमी करतो. भाकरी-भातावर जगणाऱ्या बाईचा तोल ८० मिलिलिटरच्या बराच अलीकडे जाऊ शकतो. म्हणून ही रेघ जगभर एकच धरणं मला पटत नाही.

मोजमाप आणि तक्रार जुळेना

पहिली अडचण उघड होती. वापरलेले पॅड साठवून आणायला कुठल्या बाईला सांगायचं आणि कुठला दवाखाना ते मोजणार? ही पद्धत संशोधनापुरतीच उरली.

दुसरी अडचण जास्त खोल होती. पामेला वॉर्नर आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमध्ये अभ्यास केला आणि तो २००४ साली प्रसिद्ध झाला. जास्त जातं म्हणून रुग्णालयात आलेल्या स्त्रियांचं रक्त त्यांनी मोजलं, तर ८० मिलिलिटरच्या वर गेलेल्या जेमतेम एक तृतीयांश निघाल्या. उलट बाजूही होती. गोथेनबर्गच्या मोजणीतच भरपूर रक्त जाणाऱ्या, पण आपली पाळी मध्यम आहे असं सांगणाऱ्या बायका होत्या.

याचे दोन अर्थ लावले गेले आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिल्या गटाचं म्हणणं असं, की बाईच्या अंदाजावर विसंबणं धोक्याचं आहे. मोजमाप नसेल तर धडधाकट गर्भाशयंही काढली जातील आणि जिचं लोह खरोखर संपत चाललं आहे ती हातची सुटेल. दुसऱ्या गटाचं म्हणणं असं, की बाई एकूण मिलिलिटरची तक्रार घेऊन आलेलीच नसते. पंचेचाळीस मिलिलिटर रक्त पाच दिवसांत सावकाश जाणं वेगळं आणि तेवढंच रक्त एका दुपारी भळाभळा जाणं वेगळं. गाठी पडणं, कपडे खराब होणं, कधी सुरू होईल याचा भरवसा नसणं, बरोबरीने येणारं दुखणं, हे सगळं तिच्या 'जास्त'मध्ये असतं. डॉक्टरांनी त्यातला एकच धागा ओढून मोजला आणि बाकीच्याला अतिशयोक्ती ठरवलं. वॉर्नर यांच्या गटाचा कल या दुसऱ्या बाजूकडे होता. शिवाय तीन साध्या खुणांवरून रक्ताच्या प्रमाणाचा अंदाज बराच जमतो, असंही त्यांना आढळलं: गाठींचा आकार, भर स्रावाच्या दिवसांत पॅड किती वेळा बदलावा लागतो, आणि रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची खूण.

चित्रांचा तक्ता

या दोन टोकांच्या मधला मार्ग १९९० साली इंग्लंडमध्ये जेनी हायम आणि सहकाऱ्यांनी काढला. त्यांनी एका कागदावर पॅड आणि टॅम्पॉनची चित्रं छापली: हलका डागाळलेला, मध्यम भिजलेला, पूर्ण भिजलेला. बाईने रोज त्या त्या चित्रापुढे खुणा करायच्या. हलक्या पॅडला १ गुण, मध्यमला ५, पूर्ण भिजलेल्याला २०. लहान गाठीला १, मोठीला ५. पाळी संपल्यावर बेरीज करायची. १०० किंवा त्याहून जास्त झाली तर रक्त ८० मिलिलिटरच्या वर गेलं असण्याचा संभव मोठा. तक्ता स्वस्त आहे, घरी भरता येतो आणि आजही जगभर वापरात आहे.

मात्र त्याचे गुण त्या काळच्या ठरावीक उत्पादनांवर बेतलेले होते. पुढे पॅड बदलले, जास्त शोषणारे झाले, कप आले. अमेरिकेतल्या ओरेगनच्या संशोधकांनी २०२३ साली वेगवेगळी उत्पादनं खऱ्या मानवी रक्तावर तपासून पाहिली, तेव्हा वेष्टनावरचा दावा आणि प्रत्यक्ष मावणारं रक्त यांचा मेळ बसेना. तोवर अशा चाचण्या मिठाच्या पाण्यावर होत आल्या होत्या.

आपल्याकडची अडचण आणखी पायाशी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) पंधरा ते चोवीस वयाच्या सुमारे निम्म्या मुलींनी आपण कापड वापरतो असं सांगितलं. त्यातल्या काही जणी पॅडही वापरतात. घडीची जुनी सुती साडी किती शोषते, हे तिच्या पदरांवर, झिजेवर, घडी किती जाड घातली यावर अवलंबून असतं. तक्त्यातलं चित्र तिला लागू पडत नाही. पॅडचा खर्च वाचवायला एकच पॅड दिवसभर ठेवणाऱ्या बाईचे गुणही खोटे येतात. 'दिवसात किती पॅड लागतात?' हा दवाखान्यातला ठरलेला प्रश्न तिच्या बाबतीत रक्तापेक्षा तिची ऐपत मोजतो.

बाईलाच विचारायचं ठरलं

२००७ साली ब्रिटनच्या नाइस या संस्थेने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मिलिलिटर बाजूला ठेवले. बाईच्या शारीरिक, भावनिक, सामाजिक किंवा आर्थिक जगण्यात अडथळा आणणारा रक्तस्राव म्हणजे अतिरक्तस्राव, अशी व्याख्या केली. २०१८च्या सुधारित सूचनांतही हीच भूमिका कायम राहिली. त्याच सुमारास फिगो, म्हणजे स्त्रीरोग आणि प्रसूतितज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना, जुन्या संज्ञांचा गोंधळ आवरत होती. माल्कम मन्रो, हिलरी क्रिचली आणि इयन फ्रेझर यांच्या पुढाकाराने जुने ग्रीक-लॅटिन शब्द रद्द झाले आणि चार साधे प्रश्न उरले: पाळी किती दिवसांनी येते (२४ ते ३८ दिवस सर्वसाधारण), किती दिवस टिकते (आठपर्यंत), नियमित येते का आणि किती जातं. २०११ साली कारणांची नऊ गटांत वर्गवारी झाली. चार गट गर्भाशयात दिसणाऱ्या बिघाडांचे: पॉलिप, अॅडिनोमायोसिस, फायब्रॉइडच्या गाठी, कर्करोग आणि त्याच्या आधीची अवस्था. उरलेले रक्त न गोठण्याचे, बीज न सुटण्याचे, अस्तराचे, तांबीसारख्या उपायांमुळे होणारे आणि अजून नीट न कळलेले. भारतातल्या फॉग्सी या महासंघाच्या सूचनाही याच वर्गवारीवर उभ्या आहेत.

'तुला त्रास होतो ना, मग तो खरा' ही भूमिका मला माणुसकीची वाटते आणि वैद्यकीयदृष्ट्याही बरोबर वाटते. पण तिच्यावरचा एक आक्षेप गंभीर आहे. ही व्याख्या बोलणाऱ्या बाईच्या उपयोगाची आहे. जी बोलतच नाही तिचं काय? पाच युरोपीय देशांतल्या एका पाहणीत (२०१५) सुमारे २७ टक्के स्त्रियांमध्ये अतिरक्तस्रावाची लक्षणं आढळली आणि त्यातल्या जवळपास निम्म्या कधी डॉक्टरकडे गेल्याच नव्हत्या. आईला असंच जायचं, बहिणीला असंच जातं, मग यात सांगण्यासारखं काय, असं वाटत राहतं.

आपल्याकडच्या कुठल्याही बाह्यरुग्ण विभागात पुढच्यासारखा संवाद ऐकू येऊ शकतो. थकवा येतो म्हणून आलेली पस्तिशीची बाई. "पाळी कशी येते, ताई?" "बरोबर येते." "जास्त जातं का?" "नाही, नेहमीसारखंच." इथे बहुतेक वेळा विषय संपतो आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या जातात. परिचारिकेने आणखी दोन मिनिटं दिली तर: "रात्री कापड बदलायला उठता का?" "दोनदा तरी उठावंच लागतं." "गाठी पडतात?" "पहिले दोन दिवस. सगळ्यांच्याच पडतात की, मॅडम." "त्या दिवसांत कामाला जाता?" "जाते, पण लांबच्या वावरात नाही जात. आणि गडद साडी नेसते." त्या बाईने पहिल्या उत्तरात काही लपवलं नव्हतं. 'जास्त'ची तुलना ती स्वतःच्याच मागच्या पाळ्यांशी करत होती.

म्हणून अलीकडचा भर ठोस प्रश्नांवर आहे. दर तासा-दोन तासांनी बदलावं लागतं का, एका वेळी दोन-दोन घड्या घ्याव्या लागतात का, अडीच सेंटिमीटरहून, म्हणजे साधारण दहा रुपयांच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात का, रात्री उठावं लागतं का, सात-आठ दिवसांच्या पुढे चालतं का, त्या दिवसांत कुठलं काम टाळता. स्पेनमध्ये सहा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली आहे, अमेरिकेत रक्तविकार हेरण्यासाठी वेगळी आहे. कापडाच्या घड्यांसाठी पारखून घेतलेली सर्वमान्य प्रश्नावली मात्र नाही.

गावोगाव एक स्पष्टीकरण हमखास ऐकू येतं: "कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झाल्यापासून जास्त जायला लागलं." अमेरिकेत नऊ हजारांहून अधिक स्त्रियांच्या मोठ्या अभ्यासात (२०००) नसबंदीमुळे रक्तस्राव वाढत असल्याचं दिसलं नाही. आपल्याकडे ऑपरेशन पंचविशीतच उरकलं जातं, आणि फायब्रॉइड व अॅडिनोमायोसिस डोकं वर काढतात ते पस्तिशीच्या आगेमागे. एका गोष्टीमागून दुसरी आली, म्हणून ती तिच्यामुळे आली असं वाटणं साहजिक आहे. पण त्या समजुतीत खरं कारण वर्षानुवर्षं शोधायचं राहतं. तांबीने मात्र रक्तस्राव खरोखर वाढू शकतो, आणि बसवताना ते सांगायला हवं.

मुलींचं रक्त थांबत नाही तेव्हा

१९२० च्या दशकात फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांच्याकडे ऑलंड बेटांवरची एक पाच वर्षांची मुलगी आली. तिच्या घरात अनेकांना रक्त न थांबण्याचा आजार होता. १९२६ साली त्यांनी या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ती मुलगी तेरा वर्षांची असताना चौथ्या पाळीत रक्तस्रावाने दगावली.

शंभर वर्षांनंतरही हा दुवा पुरेसा पक्का झालेला नाही. अतिरक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००४ साली निघाला. त्यात सुमारे १३ टक्के जणींना फॉन विलेब्रांडचा आजार आढळला. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २००५ साली पश्चिम भारतातल्या अशा स्त्रियांचा अहवाल मांडला. त्यातही हा आजार आणि प्लेटलेटच्या कामातले दोष दिसून आले. म्हणजे हे युरोपापुरतं नाही. दात काढल्यावर रक्त थांबत नव्हतं का, बाळंतपणात फार गेलं का, अंगावर सहज काळेनिळे डाग उठतात का, घरात कोणाला असा त्रास आहे का, या प्रश्नांना पैसे पडत नाहीत. चाचण्या मोठ्या शहरांतच होतात. पण कोणाला तिथवर पाठवायचं, हे या प्रश्नांवरून प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठरवता येतं. पाळी सुरू झाल्यापासूनच भरमसाट जाणारी मुलगी, ही तर ठळक खूण. 'पहिली दोन वर्षं असं होतंच' हे आश्वासन अनियमितपणाबद्दल बऱ्याच अंशी खरं आहे. हिमोग्लोबिन सहावर आणणाऱ्या रक्तस्रावाबद्दल ते खरं नाही.

गडचिरोली आणि बीड

महाराष्ट्रापुरतं पाहिलं तर या प्रश्नाची दोन टोकं दोन जिल्ह्यांत दिसतात.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचा अहवाल १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा कुठला ना कुठला प्रकार होता, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. स्त्रियांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, एवढ्यावर चाललेल्या धोरणाला या आकड्यांनी मोठा धक्का दिला. पाळीच्या तक्रारी त्या न विचारलेल्या आजारांमध्ये होत्याच.

दुसरं टोक बीडचं. २०१९ साली ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून गदारोळ झाला आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. कोयत्यावर जाणाऱ्या जोडप्याने उचल घेतलेली असते, एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. फडात आडोसा नाही, पाणी नाही, कापड धुवायची-वाळवायची सोय नाही. अशा जागी भरपूर जाणारी पाळी म्हणजे पोटावर पाय. 'पिशवी काढून टाका, कटकट मिटेल' हा सल्ला खासगी दवाखान्यात सहज मिळत होता. अनेक जणी तिशी-पस्तिशीच्या होत्या. बीजकोशही काढले गेले की हाडं ठिसूळ होणं, ऐन उमेदीत पाळी जाण्याचा त्रास, हे सगळं मागोमाग येतं.

राष्ट्रीय पाहणीतही गर्भाशय काढलेल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांनी जास्त रक्तस्राव किंवा पाळीतलं दुखणं हेच कारण सांगितलं आहे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना लागू करायला राज्यांना सांगितलं. त्या सूचना खऱ्या अर्थाने पाळायच्या तर मधली पायरी हाताशी हवी: ट्रॅनेक्सॅमिक आम्ल, मेफेनॅमिक आम्ल, संप्रेरकाच्या गोळ्या, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ऑर्मेलॉक्सिफीन, आणि लेव्होनॉर्जेस्ट्रेल सोडणारं गर्भाशयातलं साधन. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत (२०१३) हे साधन नेहमीच्या औषधांपेक्षा सरस ठरलं. पण त्याची किंमत ऊसतोडणीच्या मजुरीला परवडणारी नाही.

या दोन जिल्ह्यांना एकत्र वाचलं की मला एक गोष्ट ठळक दिसते. जिथे विचारलं गेलं नाही तिथे रोग दडून राहिला, आणि जिथे तक्रार ऐकली गेली तिथे ती न तपासताच सुरीखाली गेली. रक्त किती जातं, कशामुळे जातं आणि त्याने बाईच्या शरीराचं काय झालं, या तीन पायऱ्या दोन्हीकडे गाळलेल्या आहेत.

काय सुटायचं राहिलं

लोहाचा प्रश्न सगळ्यात आधी. राष्ट्रीय पाहणीच्या पाचव्या फेरीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्क्यांच्या पुढे आणि गोव्यात ३९ टक्के होतं. २०१८ पासूनच्या अॅनिमिया मुक्त भारत मोहिमेत लोहाच्या गोळ्या, जंतनाशक, आहार यांवर भर आहे. दर महिन्याला किती लोह अंगावरून वाहून जातं, हा प्रश्न मात्र आशाताईच्या घरभेटीत क्वचितच निघतो. सगळा रक्तक्षय पाळीमुळे नाही. आहार, जंत, सिकलसेल, थॅलेसेमिया, लागोपाठची बाळंतपणं ही कारणंही मोठी आहेत. कोणाचा वाटा किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. हिमोग्लोबिन ठीक पण साठा रिकामा, अशी बाई धरायची की सोडायची, याचाही निकाल लागलेला नाही. जागतिक आरोग्य संघटना निरोगी स्त्रीत फेरिटिन १५ च्या खाली गेलं की लोह कमी मानते. अनेक रक्तविकारतज्ज्ञ ३० धरतात, काही त्याच्याही वर जातात. रेघ कुठे आखली यावर लाखो बायका आजारी किंवा निरोगी ठरतात.

वयाचाही वाद आहे. अस्तराचा तुकडा तपासायला अमेरिकेत पंचेचाळिशीपासून सांगतात, फॉग्सी चाळिशीपासून सांगते. लठ्ठपणा आणि मधुमेह वाढत असताना त्याआधीच्या वयातल्या कोणत्या बायकांना तपासावं, याबद्दल मतं वेगवेगळी आहेत.

आणि सर्वात व्यावहारिक प्रश्न: सगळ्याच बायकांना पाळीबद्दल नेमाने विचारावं का? अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मुलींच्या बाबतीत पाळीची नोंद नाडी आणि रक्तदाबासारखी दर भेटीला घ्यावी असं म्हटलं आहे. बाजूने बोलणारे म्हणतात, चार प्रश्नांना खर्च नाही आणि न बोलणारी बाई फक्त अशीच सापडेल. सावधपणे बोलणारे विचारतात, की पुढे फेरिटिनची चाचणी नाही, सोनोग्राफीचा दिवस महिन्यातून एक, साधन परवडत नाही, अशा जागी विचारून तिला कुठे पाठवायचं? उद्या तीच यादी पिशवी काढणाऱ्याच्या हाती पडली तर? ही भीती बीडनंतर कोणी पोकळ म्हणू शकत नाही. माझा कल विचारण्याकडे आहे, पण एका अटीवर: जिथे हे प्रश्न विचारले जातील त्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात ट्रॅनेक्सॅमिक आम्ल, लोहाचं इंजेक्शन आणि गर्भाशय काढण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत मिळायची सोय असली पाहिजे.